फुल मेश सोडून रूट रिफ्लेक्टरवर जायचंय? नेटवर्क न पाडता कसं करायचं ते

नेटवर्कमध्ये विसावा राउटर टाकायचा होता आणि त्यासाठी जुन्या एकोणीसच्या एकोणीस राउटरवर लॉगिन करून प्रत्येकी चार-पाच ओळी टाकायच्या होत्या, त्यातल्या एकावर मी आयपीचा एक आकडा चुकवला आणि ते कळायला तीन दिवस गेले, कारण नव्या राउटरची बाकी अठरा सेशन मस्त चालू होती आणि एक डाउन आहे हे बघायला कोण बसलंय. त्या दिवशी ठरवलं की आता फुल मेश, म्हणजे प्रत्येक राउटरचं बाकी प्रत्येक राउटरशी थेट सेशन, बास.

हिशोब सोपा आहे. १० राउटर असतील तर ४५ आयबीजीपी सेशन (आयबीजीपी म्हणजे एकाच नेटवर्कच्या आतल्या राउटरमध्ये रूट सांगायला वापरलेला बीजीपी प्रोटोकॉल), ५० झाले की १२२५, आणि १०० झाले की ४९५०. राउटरला एवढी सेशन झेपतीलही एखादवेळेस, पण कॉन्फिग सांभाळणारा माणूस थकतो.

मुळात फुल मेश लागतोच कशाला? आयबीजीपीचा नियम आहे की एका आयबीजीपी पीअरकडून (सेशनच्या पलीकडच्या राउटरकडून) शिकलेला रूट दुसऱ्या आयबीजीपी पीअरला सांगायचा नाही. ईबीजीपीत, म्हणजे दोन वेगळ्या एएसमधल्या बीजीपीत (एएस म्हणजे एका संस्थेच्या ताब्यातलं, स्वतःचा नंबर असलेलं नेटवर्क), रूट ज्या एएसमधून आला त्यांच्या यादीत, म्हणजे एएस पाथमध्ये, स्वतःचाच नंबर दिसला की लूप पकडता येतो, पण एकाच एएसच्या आत एएस पाथ बदलतच नाही, मग लूप ओळखायचा कशावरून, म्हणून सरळ बंदी घालून टाकली. रूट रिफ्लेक्टर म्हणजे ही बंदी ज्याच्यासाठी सैल केलीय असा राउटर, बाकी काही जादू नाही. कल्पना जुनी आहे, १९९६ मध्ये आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) १९६६ आला, २००० मध्ये २७९६, आणि सध्या चालतो तो २००६ चा आरएफसी ४४५६.

कमांड म्हणाल तर एका ओळीची आहे आणि तिथेच लोक फसतात. रिफ्लेक्टर सगळे रूट पुढे ढकलत नाही. एका प्रीफिक्ससाठी (आयपी पत्त्यांच्या एका गटासाठी) त्याच्याकडे चार रस्ते आले तर त्यातला त्याला स्वतःला, तो जिथे बसलाय तिथून, जो बेस्ट वाटतो तेवढा एकच तो सगळ्यांना सांगतो. म्हणजे त्याची आवड सगळ्यांच्या गळ्यात. पुढे जे काही लिहिलंय त्यातलं निम्मं या एका गोष्टीभोवतीच फिरतं.

(कमांड इथे देवनागरीत लिहिल्यात, राउटरवर टाकताना नेहमीच्या स्पेलिंगनेच टाका. सिंटॅक्स सिस्को आयओएस आणि एफआरआर या मोफत राउटिंग सॉफ्टवेअरच्या धाटणीचा आहे, किरकोळ फरक वाटेत सांगतो.)

आधी नियम डोक्यात बसवा

रिफ्लेक्टरच्या दृष्टीने आयबीजीपी पीअर दोन प्रकारचे, क्लायंट आणि नॉन-क्लायंट. क्लायंटकडून आलेला रूट तो सगळ्यांना सांगतो, बाकी क्लायंटनाही आणि नॉन-क्लायंटनाही. नॉन-क्लायंटकडून आलेला फक्त क्लायंटना सांगतो. ईबीजीपीवरून आलेला सगळ्यांना, ते तर आधीपासून तसंच होतं. झालं, एवढंच. यावरून एक गोष्ट लगेच निघते की नॉन-क्लायंटचं आपापसात अजूनही फुल मेश लागतं, त्यामुळे दोन-तीन रिफ्लेक्टर ठेवले तर ते एकमेकांशी जोडलेले हवेत.

क्लायंटला आपण क्लायंट आहोत हे माहीतच नसतं. त्याच्याकडे साधं आयबीजीपी सेशन असतं, बस्स. सगळी सेटिंग रिफ्लेक्टरच्या बाजूला, म्हणून दहा वर्षं जुना राउटरही क्लायंट म्हणून आरामात चालतो.

मग लूपचं काय? त्यासाठी रिफ्लेक्टर रूटला दोन चिठ्ठ्या चिकटवतो. एक ओरिजिनेटर आयडी, म्हणजे हा रूट आपल्या एएसमध्ये ज्या राउटरने आणला त्याचा राउटर आयडी, फिरून तो रूट त्याच राउटरकडे आला तर तो टाकून देतो. दुसरी क्लस्टर लिस्ट, म्हणजे रूट ज्या ज्या क्लस्टरमधून (रिफ्लेक्टर आणि त्याचे क्लायंट यांच्या गटातून) रिफ्लेक्ट झाला त्यांची यादी, रिफ्लेक्टरला त्यात स्वतःचा क्लस्टर आयडी दिसला की तोही टाकून देतो. एएस पाथचंच छोटं घरगुती रूप समजा. दोन्ही एएसच्या बाहेर जात नाहीत.

कॉन्फिग

उदाहरणाला सहा राउटर घेऊ. दोन रिफ्लेक्टर, आरआर१ चं लूपबॅक (राउटरचा स्वतःचा, कुठल्याही एका तारेशी न बांधलेला पत्ता) १०.२५५.०.१ आणि आरआर२ चं १०.२५५.०.२. चार एज राउटर (नेटवर्कच्या कडेचे), ई१ ते ई४, लूपबॅक १०.२५५.०.११ ते १०.२५५.०.१४. आपला एएस ६४५००. ई१ आणि ई३ वर ट्रान्झिट (बाकी इंटरनेटकडे जायची वाट) आहे एएस ६४५१० कडून, दोघांनाही २०३.०.११३.०/२४ हा प्रीफिक्स मिळतोय.

सुरुवात बीजीपीने करायची नाही. आधी आयजीपी (नेटवर्कच्या आतले रस्ते शोधणारा प्रोटोकॉल), म्हणजे ओएसपीएफ किंवा आयएसआयएस, जे काही आत चालत असेल, त्यात सगळे लूपबॅक दिसतायत का बघा, आणि प्रत्येक राउटरवरून प्रत्येक लूपबॅकला पिंग करा, तेही स्वतःच्या लूपबॅकचा सोर्स देऊन. हे कंटाळवाणं वाटतं पण «सेशन येत नाही हो» असे जे फोन मला येतात त्यातले बरेच इथेच संपतात. टीसीपी पोर्ट १७९ मधल्या कुठल्या एसीएलमध्ये (ट्रॅफिकच्या फिल्टरमध्ये) अडकत नाही ना तेही याच वेळी बघून घ्या.

आरआर१ वर:

राउटर बीजीपी ६४५००
 बीजीपी राउटर-आयडी १०.२५५.०.१
 बीजीपी क्लस्टर-आयडी १०.२५५.०.१
 नेबर एज पीअर-ग्रुप
 नेबर एज रिमोट-एएस ६४५००
 नेबर एज अपडेट-सोर्स लूपबॅक०
 नेबर १०.२५५.०.११ पीअर-ग्रुप एज
 नेबर १०.२५५.०.१२ पीअर-ग्रुप एज
 नेबर १०.२५५.०.१३ पीअर-ग्रुप एज
 नेबर १०.२५५.०.१४ पीअर-ग्रुप एज
 नेबर १०.२५५.०.२ रिमोट-एएस ६४५००
 नेबर १०.२५५.०.२ अपडेट-सोर्स लूपबॅक०
 ॲड्रेस-फॅमिली आयपीव्ही४ युनिकास्ट
  नेबर एज रूट-रिफ्लेक्टर-क्लायंट

आरआर२ वर हेच, फक्त स्वतःचे आकडे. एफआरआर असेल तर लूपबॅकचं नाव नुसतं एलओ असतं. पीअर-ग्रुप वापरण्यात आळस हे एक कारण आहेच, पण सगळ्यांची आउटबाउंड पॉलिसी सारखी राहिली की राउटर एकदाच अपडेट तयार करतो आणि सगळ्यांना तोच वाटतो. एखाद्या क्लायंटसाठी वेगळी पॉलिसी लावली की तो त्या गटातून बाहेर पडतो आणि त्याच्यासाठी वेगळी मेहनत सुरू होते, पन्नास क्लायंट असले की हा फरक जाणवतो.

रूट-रिफ्लेक्टर-क्लायंट ही ओळ ॲड्रेस-फॅमिलीच्या (पत्त्यांच्या एका प्रकाराच्या सेटिंगच्या) आत आहे हे नीट बघा. आयपीव्ही६ आणि व्हीपीएनव्ही४ साठी ती परत वेगळी द्यावी लागते. आयपीव्ही४ छान चालतंय आणि आयपीव्ही६ चे रूट निम्म्या राउटरवर नाहीत, असं दिसलं तर पहिली शंका इथेच घ्यायची.

जुनिपरवर अशी ओळच नाही, तिथे ग्रुपमध्ये क्लस्टर १०.२५५.०.१ असं लिहिलं की त्या ग्रुपमधले सगळे नेबर क्लायंट होतात, म्हणून दुसरा रिफ्लेक्टर वेगळ्या ग्रुपमध्ये ठेवायचा, क्लस्टर न लिहिता. बर्ड या आणखी एका राउटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रोटोकॉलच्या आत आरआर क्लायंट.

एज राउटरवर तर काहीच विशेष नाही:

राउटर बीजीपी ६४५००
 नेबर आरआर पीअर-ग्रुप
 नेबर आरआर रिमोट-एएस ६४५००
 नेबर आरआर अपडेट-सोर्स लूपबॅक०
 नेबर १०.२५५.०.१ पीअर-ग्रुप आरआर
 नेबर १०.२५५.०.२ पीअर-ग्रुप आरआर
 ॲड्रेस-फॅमिली आयपीव्ही४ युनिकास्ट
  नेबर आरआर नेक्स्ट-हॉप-सेल्फ

नेक्स्ट हॉप: माझी फजिती

शेवटची ओळ एजवर आहे, रिफ्लेक्टरवर नाही, आणि हे मी चांगलंच महागात शिकलोय. रिफ्लेक्टरने नेक्स्ट हॉप, म्हणजे त्या रूटचं ट्रॅफिक ज्या पत्त्याकडे पाठवायचं तो पत्ता, बदलायचा नसतो. ई१ ने रूट आणला, ई१ ने नेक्स्ट हॉप स्वतःचा लावला, रिफ्लेक्टरने तो तसाच पुढे दिला, म्हणजे ई४ वरून ट्रॅफिक सरळ ई१ कडे जातं आणि रिफ्लेक्टर मधे येतच नाही.

एकदा एका नेटवर्कमध्ये काही एज राउटरवर नेक्स्ट-हॉप-सेल्फ लावायचं राहून गेलं होतं आणि ट्रान्झिटच्या लिंकचा आयपी आयजीपीत नव्हता, त्यामुळे रूट टेबलमध्ये दिसायचा पण नेक्स्ट हॉप इनॲक्सेसिबल. रात्रीचे दोन वाजले होते, एजवर एकेक जाऊन दुरुस्त करायचा कंटाळा आला, आणि मी रिफ्लेक्टरवरच नेक्स्ट-हॉप-सेल्फ टाकलं. काही झालं नाही, कारण आयओएसवर साधं नेक्स्ट-हॉप-सेल्फ रिफ्लेक्ट केलेल्या रूटला लागत नाही. मग हेल्प बघितली, पुढे ऑल लिहिता येतं असं दिसलं, लिहिलं, आणि सगळे रूट धडाधड व्हॅलिड झाले. मी खुश होऊन झोपलो. सकाळी ट्रॅफिक चढलं तसा रिफ्लेक्टरच्या एक गिगच्या इंटरफेसचा ग्राफ वर जाऊन सपाट झाला, पार टेबलटॉप, कारण आता अख्ख्या नेटवर्कचं बाहेर जाणारं ट्रॅफिक त्या बिचाऱ्या छोट्या डब्यातून वळून जात होतं.

तर नेक्स्ट-हॉप-सेल्फ एजवर. रिफ्लेक्टरवर ऑल, किंवा एफआरआरमध्ये फोर्स, हे शब्द दिसले की विचारायचं कुणी टाकले आणि का. रिफ्लेक्टर स्वतःच ट्रॅफिकच्या वाटेत असावा अशी मुद्दाम रचना केलेली असेल तर गोष्ट वेगळी. जुनिपरवर तर जास्तच जपा, तिथे नेक्स्ट-हॉप सेल्फ एक्सपोर्ट पॉलिसीतून लागतं आणि अट न घालता लावलं तर रिफ्लेक्ट होणाऱ्या रूटलाही लागतं, म्हणून पॉलिसीत रूट-टाइप एक्स्टर्नल ही अट हवीच.

तोच नियम बाकी गोष्टींनाही. लोकल प्रेफरन्स, एमईडी, एएस पाथ (ज्यांच्यावरून बेस्ट रूट ठरतो) यांना रिफ्लेक्टरवर हात लावू नका, जे काही ठरवायचंय ते एजवर रूट आत येतानाच ठरवा. एफआरआर तर रिफ्लेक्ट केलेल्या रूटवर आउटबाउंड रूट-मॅपने (रूट पाठवताना लागणाऱ्या नियमांच्या यादीने) केलेले बदल मुळात लागूच करत नाही, त्यासाठी बीजीपी रूट-रिफ्लेक्टर अलाउ-आउटबाउंड-पॉलिसी असं मुद्दाम सांगावं लागतं, आणि ते सांगायची वेळ आली तर आधी चहा पिऊन परत विचार करा.

क्लस्टर आयडी एकच ठेवायचा की वेगवेगळा

या प्रश्नावर भरपूर वाद होतात. जुनी पद्धत अशी की एकाच गटाच्या दोन्ही रिफ्लेक्टरना एकच क्लस्टर आयडी द्यायचा. फायदा असा की आरआर१ ने क्लायंटचा रूट आरआर२ ला पाठवला तर आरआर२ स्वतःचा आयडी बघून तो टाकून देतो, मेमरी वाचते.

आता बघा काय होतं. समजा ई१ चं आरआर२ शी असलेलं सेशन पडलं आणि त्याच वेळी ई४ चं आरआर१ शी असलेलं पडलं. ई१ आपला रूट आरआर१ ला सांगतो, आरआर१ तो आरआर२ ला सांगतो, आरआर२ क्लस्टर लिस्टमध्ये स्वतःचा आयडी बघतो आणि फेकून देतो. ई४ फक्त आरआर२ शी बोलतोय, त्याला हा रूट कधीच कळत नाही. सगळे राउटर जिवंत, प्रत्येक एजचं एक तरी सेशन चालू, आणि तरी रूट गायब. वेगवेगळे आयडी असते तर आरआर२ ने तो घेतला असता आणि ई४ ला दिला असता.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, प्रत्येक रिफ्लेक्टरला स्वतःचा वेगळा आयडी. काही लिहिलं नाही तर आयओएस आणि एफआरआर राउटर आयडीच क्लस्टर आयडी म्हणून घेतात, तरी मी ओळ लिहितोच, उद्या कुणी राउटर आयडी बदलला तर नवं कोडं नको. मेमरीचा मुद्दा पूर्वी खरा होता, आज इंटरनेटचं पूर्ण आयपीव्ही४ टेबल दहा लाखांच्या आसपास असलं तरी सर्व्हरवर चालणाऱ्या रिफ्लेक्टरला त्याची एक जादा कॉपी काही जड नाही.

रिफ्लेक्टर कुठे बसवायचा

हा भाग घाईत वाचू नका.

आपल्या उदाहरणात २०३.०.११३.०/२४ ई१ कडूनही येतोय आणि ई३ कडूनही. लोकल प्रेफरन्स सारखा, एएस पाथची लांबी सारखी, मग निर्णय येतो नेक्स्ट हॉपपर्यंतच्या आयजीपी मेट्रिकवर (आतल्या रस्त्याच्या अंतरावर). समजा दोन्ही रिफ्लेक्टर ई१ च्या बाजूला बसवलेत, कारण त्या बाजूच्या रॅकमध्ये जागा होती (खरं कारण नेहमी हेच असतं). दोघांनाही ई१ जवळ, दोघेही ई१ निवडतात, आणि ई४, जो ई३ च्या शेजारी बसलाय, त्याला फक्त ई१ चा रूट कळतो. शेजारच्या ई३ कडे तोच रस्ता आहे हे त्याला माहीतच नाही, त्यामुळे त्याचं ट्रॅफिक अख्खा बॅकबोन ओलांडून ई१ कडे जातं. फुल मेश असताना ई४ ला दोन्ही रस्ते दिसायचे आणि तो जवळचा निवडायचा. ई३ मात्र स्वतःचा ईबीजीपीचाच रूट वापरत राहतो, त्यामुळे ई३ वर बसून तपासलं तर सगळं ठीक वाटतं.

दुसरा फटका बंद पडताना. ई१ गेला की ई४ कडे पर्यायी रस्ता तयार नसतो, रिफ्लेक्टरने नवा बेस्ट शोधून सांगेपर्यंत थांबावं लागतं.

यावर उपाय काय? सगळ्यात साधा म्हणजे प्रत्येक भागात रिफ्लेक्टरची जोडी, तिथल्या एजना तिथलाच रिफ्लेक्टर, म्हणजे त्याची आवड आणि क्लायंटची आवड साधारण सारखी पडते. दुसरा, ॲड-पाथ, आरएफसी ७९११, यात रिफ्लेक्टर एकापेक्षा जास्त रस्ते पाठवू शकतो, पण दोन्ही बाजूंना ते कळायला हवं आणि एजची मेमरी वाढते, शिवाय सेशन सुरू होतानाच ते ठरतं त्यामुळे चालू करताना सेशन एकदा पडणार. मी सहसा दोनच रस्ते पाठवतो, तेवढे पुरतात. तिसरा, ऑप्टिमल रूट रिफ्लेक्शन, आरएफसी ९१०७, यात रिफ्लेक्टर स्वतःच्या जागेऐवजी क्लायंटच्या जागेवरून मेट्रिक मोजून प्रत्येक गटाला वेगळा बेस्ट देतो, कल्पना फार सुंदर आहे पण आपल्या डब्यावर आहे का ते आधी बघा. एमपीएलएस (पॅकेट आयपीऐवजी लेबल बघून पुढे पाठवायचं तंत्र) व्हीपीएन असेल तर सोपी युक्ती अशी की एकाच व्हीआरएफला (एका ग्राहकाच्या वेगळ्या राउटिंग टेबलला) प्रत्येक पीईवर (ग्राहक जोडलेल्या एज राउटरवर) वेगळा रूट डिस्टिंग्विशर (रूटच्या पुढे लागणारा ओळखीचा आकडा) द्यायचा, मग रिफ्लेक्टरला ते वेगवेगळे रूट वाटतात आणि दोन्ही पुढे जातात.

एक बारीक गोष्ट राहिली. ई१ वर लोकल प्रेफरन्स २०० आणि ई३ वर १०० ठेवला असेल, मुख्य आणि बॅकअप म्हणून, तर ई३ स्वतःच ई१ चा रूट बेस्ट धरतो आणि आपला ईबीजीपीचा रूट रिफ्लेक्टरला सांगतच नाही. मग रिफ्लेक्टरवर ॲड-पाथ लावून काय उपयोग, त्याच्याकडे दुसरा रस्ता आलाच नाही. तिथे ई३ वर बेस्ट एक्स्टर्नल (आपला बाहेरून आलेला रूट बेस्ट नसला तरी सांगायची सोय) चालू करावं लागतं.

आणि एमपीएलएस नसलेल्या, प्रत्येक हॉपवर आयपी लुकअप होणाऱ्या नेटवर्कमध्ये एक भयानक प्रकार होऊ शकतो. चार राउटर एका रांगेत जोडलेत असं धरा: आरआर१, मग क२, मग क१, मग आरआर२ (क म्हणजे क्लायंट). दोन्ही टोकांच्या रिफ्लेक्टरवर स्वतःचं ट्रान्झिट आहे आणि दोघेही आपापलं निवडतात. आता कुणीतरी कॉन्फिग उलटं केलं, क१ ला आरआर१ चा क्लायंट केलं आणि क२ ला आरआर२ चा. क१ म्हणतो बाहेर जायचं तर आरआर१, आणि तिकडे जायची वाट क२ मधून, म्हणून पॅकेट क२ ला दिलं. क२ म्हणतो बाहेर जायचं तर आरआर२, वाट क१ मधून, पॅकेट परत क१ ला. टीटीएल (पॅकेटला अजून किती हॉप जाता येईल तो आकडा) संपेपर्यंत फुगडी. बीजीपीच्या एकाही शो कमांडमध्ये चूक दिसत नाही, ट्रेसरूट केला की दोनच पत्ते आलटून पालटून दिसतात तेव्हा डोक्यात प्रकाश पडतो. तर क्लायंटचं सेशन तारेच्या रस्त्याने जाऊ द्या, दुसऱ्या गटाच्या क्लायंटला ओलांडून नको. कोअरमध्ये एमपीएलएस असेल तर मधले राउटर आयपी बघतच नाहीत, ही कटकट तिथे नाही.

रिफ्लेक्टर ट्रॅफिकच्या वाटेत नसेल, नुसता बाजूला बसून रूट वाटणारा असेल, तर त्याने दहा लाख रूट फॉरवर्डिंग टेबलमध्ये भरायचं काहीच कारण नाही. आयओएस एक्सईवर टेबल-मॅप फिल्टरसकट लावून ते थांबवता येतं, एफआरआरमध्ये बीजीपी नो-रिब आहे. फक्त आयजीपी त्याच्यावर पूर्ण हवं, कारण नेक्स्ट हॉप किती लांब हे त्याला मोजावं लागतंच.

चालू नेटवर्क हलवायचं कसं

नवं नेटवर्क असेल तर वरचं कॉन्फिग टाका आणि मोकळे व्हा. चालू फुल मेश हलवताना मात्र क्रम पाळा.

पहिल्यांदा मोजमाप. प्रत्येक एजवर एकूण किती प्रीफिक्स आहेत, आणि दहा-पंधरा महत्त्वाच्या प्रीफिक्सचा नेक्स्ट हॉप काय, हे फाइलमध्ये उतरवून ठेवा. «आधी कसं होतं» याचं उत्तर आठवणीतून देता येत नाही.

मग दोन्ही रिफ्लेक्टर उभे करा, पण तोंड बंद ठेवून. म्हणजे रूट-रिफ्लेक्टर-क्लायंट सुरुवातीपासूनच लावा, आणि आउटबाउंडला सगळं नाकारणारा रूट-मॅप. नंतर क्लायंट करू असं म्हणू नका, कारण आयओएसवर चालू सेशनवर ही ओळ टाकली की सेशन पडून परत येतं, पीअर-ग्रुपवर टाकली तर सगळीच एकदम पडतात. आता एजवरून सेशन जोडा. रिफ्लेक्टरला सगळे रूट मिळतायत, तो कुणाला काही सांगत नाहीये. इथे थांबून रिफ्लेक्टरच्या टेबलमध्ये नेक्स्ट हॉप सगळे व्हॅलिड आहेत का बघा.

सगळं ठीक दिसलं की एका एजसाठी तोंड उघडा, मग सगळ्यांसाठी. इथे एक छान गोष्ट आपल्या बाजूने आहे. मेश अजून चालू आहे, त्यामुळे ई४ ला ई१ चा रूट थेट ई१ कडूनही येतोय आणि रिफ्लेक्टरकडूनही. बाकी सगळं सारखं असताना बेस्ट निवडताना राउटर आयडीच्या जागी ओरिजिनेटर आयडी धरतात, तो दोन्हीकडे ई१ चाच, मग पुढची पायरी म्हणजे क्लस्टर लिस्ट ज्याची छोटी तो जिंकतो, आणि थेट आलेल्या रूटची लिस्ट रिकामीच असते. म्हणजे थेट रूटच बेस्ट राहतो, रिफ्लेक्ट झालेला मागे उभा राहतो, ट्रॅफिक जागचं हलत नाही. ई४ वर शो बीजीपी आयपीव्ही४ युनिकास्ट २०३.०.११३.०/२४ मारलं की रिफ्लेक्टरवाला रस्ता साधारण असा दिसायला हवा:

६४५१०
 १०.२५५.०.११ (मेट्रिक २०) फ्रॉम १०.२५५.०.१
 ओरिजिन आयजीपी, लोकलप्रेफ १००, व्हॅलिड, इंटर्नल
 ओरिजिनेटर: १०.२५५.०.११, क्लस्टर लिस्ट: १०.२५५.०.१

पहिला पत्ता नेक्स्ट हॉप, तो ई१ चा हवा. फ्रॉमच्या पुढे रिफ्लेक्टर. नेक्स्ट हॉपच्या जागी रिफ्लेक्टरचा पत्ता दिसला तर माझी वरची फजिती परत वाचा.

आता मेशची सेशन काढायची, एकेक जोडी, आणि काढायची म्हणजे नुसती शटडाउन करायची, ओळी पुसायच्या नाहीत. ज्या दोन राउटरमध्ये सगळ्यात कमी ट्रॅफिक आहे तिथून सुरू करा. शट केल्यावर त्या दोघांवर प्रीफिक्सची संख्या आणि नेक्स्ट हॉप आधीच्या फाइलशी ताडून बघा. एकूण रस्त्यांची संख्या कमी होणारच, त्याने घाबरू नका, प्रीफिक्सची संख्या मात्र तेवढीच राहिली पाहिजे. एखाद्या प्रीफिक्सचा नेक्स्ट हॉप बदलला तर तो रिफ्लेक्टरच्या आवडीमुळे बदलला, चालेल का ते तिथल्या तिथे ठरवा. एका रात्रीत सगळं उरकायचा हट्ट करू नका, अर्धा मेश आणि अर्धा रिफ्लेक्टर अशा अवस्थेत नेटवर्क आठवडाभर आरामात राहतं, फक्त एमपीएलएस नसेल तर वरची फुगडी लक्षात ठेवून ट्रेसरूट मारत रहा.

आता एक ठराविक दुखणं सांगतो कारण ते रिफ्लेक्टरवरच जास्त दिसतं. सेशन वर येतं, एस्टॅब्लिश्ड दिसतं, प्रीफिक्स शून्य किंवा थोडेसेच, आणि बरोबर तीन मिनिटांनी होल्ड टाइम एक्स्पायर्ड म्हणून पडतं, परत येतं, परत तीन मिनिटांनी पडतं. सिस्कोवर होल्ड टाइम मुळात १८० सेकंद असतो, तीन मिनिटं तिथून येतात. हे बहुतेक वेळा एमटीयू (लिंकवरून जाऊ शकणाऱ्या पॅकेटची कमाल साइज) असतं. ओपनचा मेसेज छोटा, तो जातो, पण भरगच्च अपडेट मधल्या कमी एमटीयूच्या लिंकवर गळतं, टीसीपी तेच परत परत पाठवत बसतं, आणि त्याच्या मागे कीपअलाइव्ह (मी अजून आहे असं सांगणारा मेसेज) रांगेत अडकतो. मोठ्या साइजचा, डीएफ बिट (तुकडे करू नका अशी खूण) लावलेला पिंग लूपबॅक ते लूपबॅक मारा, लगेच कळेल. साधा पिंग छान जातो म्हणून लोक तासन् तास बीजीपीच्या पॉलिसी चाळत बसतात.

मेश सगळा शट झाला की खरी परीक्षा, आरआर१ ची सगळी सेशन जाणूनबुजून पाडा. दिवसा नाही, पण पाडा. प्रत्येक एजवर प्रीफिक्स तेवढेच राहायला हवेत, कारण आरआर२ आहे. मग आरआर१ परत आणा आणि तो सगळ्या क्लायंटना पूर्ण टेबल वाटायला किती वेळ घेतो ते घड्याळ लावून बघा, सीपीयूचा ग्राफही बघा. मग तेच आरआर२ वर. एखाद्या एजवर रूट गळाले तर त्या एजचं दुसऱ्या रिफ्लेक्टरशी सेशन कधीपासूनच डाउन होतं आणि कुणाला पत्ता नव्हता असंच बहुतेक निघतं, म्हणून दोनपैकी एकही सेशन पडलं तरी अलार्म वाजेल अशी सोय याच दिवशी करून टाका. आमच्याकडे तो अलार्म दोन दिवसांनी वाजला, ई२ चा आयपीव्ही६ पीअर मी कॉपी-पेस्ट करताना विसरलो होतो.

दोनेक आठवडे शांततेत गेले की शटडाउन केलेल्या त्या जुन्या नेबरच्या ओळी पुसून टाका. ठेवल्या तर सहा महिन्यांनी कुणीतरी नवा माणूस त्या बघतो, चुकून बंद राहिल्या असं समजून नो शटडाउन मारतो, आणि मग ई४ ला तो रूट दोन वाटांनी का येतोय हे शोधायला तुम्हालाच बोलावतात.